आठवड्यात एक तास काम केलं की बेरोजगारी संपली?

तासिकावाला

श्रमबल सर्वेक्षणाप्रमाणे देशातला बेरोजगारीचा दर 2017-18 मध्ये 6.1 टक्के होता, 2023-24 मध्ये 3.2 टक्के. 15 ते 29 वयोगटात मात्र 10.2. आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. मोजतात कसं, तेवढं बघा. वर्षाच्या हिशेबात मुख्य काम नसलं तरी 30 दिवस काहीतरी केलं की माणूस रोजगारात. आठवड्याच्या हिशेबात सात दिवसांत एक तास पुरतो. करवीर तालुक्यातली बी.कॉम. झालेली मुलगी घरच्या म्हशींची धार काढते, डेअरीला दूध घालते, बिल वडिलांच्या नावावर जमा होतं. ती रोजगारात. मी प्राध्यापकीची नेट परीक्षा पास होऊन सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजांत तास घेतो, मे महिन्यात एक रुपया मिळत नाही. मीही रोजगारात.

गरीब घरात कुणाला बिनकामाचं बसून राहणं परवडत नाही, म्हणून बेकारी कमी दिसते. अर्धवट काम, अर्धवट पगार आणि शिकलो त्याच्याशी काही संबंध नसलेला धंदा, हे मोजतंय कोण? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा रोजगार धोरणाविषयीचा 1964 चा करार भारतानं 1998 मध्ये मान्य केला. पूर्ण, उत्पादक आणि स्वतःच्या मर्जीनं निवडलेला रोजगार असं त्यात लिहिलंय. त्यानंतर 'श्रम शक्ती नीती' या राष्ट्रीय कामगार धोरणाचा मसुदा हरकतींसाठी यायला 2025 चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात योजनाच योजना, आणि प्रत्येक योजना डोकी मोजणारी. माझं म्हणणं एवढंच, की मालकांना अनुदान डोक्यांवर देऊ नका. वर्षाला किती तास काम आणि किती महिने पगार मिळाला, त्यावर द्या.

उद्यमनगरकर

सर, तुम्ही वर्गात शिकवताय तसं छान मांडलंय. आता एकदा आपल्या कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत चक्कर मारा. फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगला, फेटलिंगला माणसं कुठली? बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा. गेटवर 'ऑपरेटर पाहिजे'चा बोर्ड गंजून गेला तरी माणूस मिळत नाही. आपली पोरं पहाटे भरतीसाठी पळतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात. राज्यसेवेला खुल्या वर्गाची वयोमर्यादा 38, मागासवर्गीयांना 43. म्हणजे चाळिशीपर्यंत घरच्यांनी पोसायचं. याला अर्धबेकारी म्हणायचं असेल तर म्हणा, पण तिला सरकार जबाबदार कसं?

सेटर_शिरोली

मालक, पोरं येत न्हाईत हे खरं हाय. का येत न्हाईत तेबी लिवा की. बारा तासाची ड्यूटी. वरच्या चार तासांचा ओव्हरटाइम कायद्यानं डबल पाहिजे, मिळतोय सिंगल. नाव कंपनीच्या हजेरीला न्हाई, कंत्राटदाराच्या. मी आयटीआय मशिनिस्ट, व्हीएमसी मशिनीवर सेटिंग करतो, आणि कागदावर 'हेल्पर'.

परगावचं पोरगं चौघांत एक खोली करून राहतंय, पैसं साठवून गावाकडं जातंय. इथल्या पोराला इथंच लगीन करायचं असतंय. पोरीचा बाप पयला प्रश्न इचारतोय, पर्मनंट हाय काय? न्हाई म्हटलं की चहासुद्धा गार. म्हणून ते भरतीला पळतंय. त्याला येडं म्हणू नका.

उद्यमनगरकर

भावा, तुझं दुखणं मला कळतंय, मीही लेथवरच हात काळे केलेत. पण माझ्याकडं 14 माणसं. काम सगळं जॉबवर्कचं, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग करून द्यायचं. ट्रॅक्टर कंपनीनं ऑर्डरचं शेड्यूल कापलं की दोन महिने निम्मी मशीन बंद. विजेचा दर कर्नाटकापेक्षा जास्त, हे गाऱ्हाणं आम्ही किती वर्षं गातोय ते सगळ्यांना माहीत आहे.

आता केंद्राची विकसित भारत रोजगार योजना बघा. 1 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाली, तरतूद 99,446 कोटींची. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर मी दोन जादा घ्यायची, सहा महिने टिकवायची, मग माणशी महिन्याला 3 हजारांपर्यंत मला दोन वर्षं मिळणार. कारखानदारीला आणखी दोन वर्षं. सगळं पीएफच्या खात्यावरून चालतं, आणि 20 माणसांच्या आत पीएफची सक्तीच नाही. माझ्यासारख्या निम्म्या उद्यमनगरची त्या पोर्टलवर गणतीच नाही. आणि समजा मी आपणहून नोंदणी केली, तरी ऑर्डर नसताना 3 हजारांसाठी 18 हजारांचा माणूस कोण ठेवतंय? सरांची तासांची अट वर टाकली तर आहे तेही कोण घेणार नाही.

इचलकरंजीची_ताई

दोघंही पुरुषांबद्दलच बोलताय म्हणून लिहिते. आमच्या गल्लीत एम.ए. झालेल्या बायका घरी बसून गाऊन शिवतात, नगावर पैसे. सर्वेक्षणाचा माणूस दारात आला की सासूबाई सांगतात, "सून घरीच असते." मग ती ना बेरोजगार, ना कामगार. आणि फौंड्रीत माणूस मिळत नाही म्हणता, तर तपासणीला, पॅकिंगला, सीएनसीवर बाई घेतलीत का कधी? पाळीनंतर सोडायला गाडी ठेवलीत का?

उद्यमनगरकर

नाही घेतली. स्वच्छतागृह एकच आहे, हे खरं कारण.

पंचगंगा_पार

सरकारनं यात पडूच नये असं माझं मत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आठवा. 2024 ला सुरू झाली. बारावीला महिन्याला 6 हजार, आयटीआय-डिप्लोमाला 8, पदवीधराला 10. सहा महिने, मग मुदत वाढवून 11. ग्रामपंचायतीत, शाळेत, तलाठ्याच्या हापिसात पोरं बसवली. मुदत संपली, पोरं रस्त्यावर, मागणी काय तर कायम करा. ज्या कामाला पद मंजूर नाही तिथं शिकून पुढं करणार काय? तोच पैसा एमआयडीसीच्या रस्त्याला आणि विजेला लावला असता तर चार कारखाने वाढले असते.

सेटर_शिरोली

कारखानं वाढलं की कंत्राटदारबी वाढत्यात दादा.

जुना_सेवादली

1972 च्या दुष्काळात याच महाराष्ट्रानं 'मागेल त्याला काम' करून दाखवलं. त्या रोजगार हमीचे जनक वि. स. पागे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. 1977 ला कायदा झाला. शहरी पोरांसाठी तसंच काही का नको? राजस्थाननं 2022 मध्ये शहरात तशी योजना सुरू केली होती.

पंचगंगा_पार

काका, इंजिनिअर पोराला गटार उपसायला लावणार का? ती हमी पोटाची होती. इथं भांडण शिक्षणाला साजेशा कामाचं चाललंय.

तासिकावाला

काकांचा मुद्दा मला पटत नाही तो याच कारणानं. दुष्काळात कामच नव्हतं. इथं काम आहे, पण तुटक आहे. उद्यमनगरकरांनी लिहिलेलं एक वाक्य सगळ्या धाग्यात महत्त्वाचं आहे, शेड्यूल कापलं की दोन महिने मशीन बंद. मंदीचे ते दोन महिने आज कुणाच्या खिशातून जातात? सेटरच्या. कंत्राटदार मध्ये आहे तो त्यासाठीच. रस्ते आणि वीज द्या, जरूर द्या, पण त्यानं हा प्रश्न सुटत नाही. भरभराटीच्या वर्षातही पोरगं कंत्राटावरच राहतं. तीच गत शिकाऊ उमेदवारांची. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी होतं काय, तर वर्ष संपलं की जुनी बॅच बाहेर, नवी आत. कागदावर सगळं नियमात.

एकट्या 14 माणसांच्या कारखान्यानं बारमाही पगार द्यावा, असं मी म्हणणार नाही. पण कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनी क्लस्टर, म्हणजे कारखान्यांचा गट, करून वापरलेली वाळू परत वापरायचा प्रकल्प एकत्र उभा केलाच ना? एकट्याला परवडत नव्हता म्हणूनच. मग वाळूला जे जमलं ते माणसाला का जमू नये? वीस-पंचवीस कारखान्यांचा मिळून एक हजेरीपट. पीएफ नोंदणी त्या हजेरीपटाची, म्हणजे तुमची 14 माणसंही योजनेत बसतात. एकाकडं शेड्यूल कमी झालं की सेटर शेजारी जाईल, पगार चालू. केंद्राचं अनुदान त्या हजेरीपटाला मिळावं, आणि वर्षात दहा महिने तरी पूर्ण पगार पडला असेल तरच. बायकांसाठी गाडी आणि स्वच्छतागृहही एकेकट्यापेक्षा एकत्र स्वस्त पडतं.

उद्यमनगरकर

कागदावर झकास. पण सर, आमच्यात सेटरची पळवापळवी किती चालते ते तुम्हाला ठाऊक नाही. शेजाऱ्याकडं दोन महिने पाठवलेला माणूस परत येईल याची खात्री कोण देणार? शिवाय माझ्या जॉबचं ड्रॉइंग त्याच्या डोक्यात. आणि ट्रॅक्टरचं शेड्यूल कापलं तर ते माझ्या एकट्याचं कापत नाहीत, अख्ख्या शिरोलीचं कापतात. तेव्हा त्या हजेरीपटाचा पगार कोण भरणार?

पंचगंगा_पार

सरकार भरणार. आलं परत गाडं तिथंच.

तासिकावाला

सगळ्यांचं एकदम कापलं तर हो, सरकारनंच भरावा, आणि तेवढ्याच महिन्यांपुरता. आज जे 3 हजार चांगल्या महिन्यांतही वाटायचे ठरवलेत, ते त्या वाईट महिन्यांसाठी साठवून ठेवा एवढंच मागणं आहे. सगळ्यांचं काम एकाच वेळी कितीदा आणि किती दिवस थांबलं, ते तुमच्या असोसिएशनकडं विजेच्या बिलावरूनही काढता येईल.

सेटर_शिरोली

सर, आमास्नी चालतंय. शेजारी काय, हुपरीलाबी जातो. पन मला एकच सांगा, त्या हजेरीपटावर सही कुणाची? क्लस्टरचा म्यानेजर म्हणून परत आमचा कंत्राटदारच खुर्चीत बसला तर? त्याचा आणि तीन मालकांचा सोयरसंबंध हाय, समद्या शिरोलीला ठाऊक हाय.

उद्यमनगरकर

समितीत दोन कामगार घ्यावे लागतील. मी असोसिएशनच्या बैठकीत विषय काढतो. ओरडतील सगळे, पण काढतो.

इचलकरंजीची_ताई

दोनात एक बाई.