घरी फ्युएल मॅप (इंजिनच्या कुठल्या वेगाला-लोडला किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता) ट्यूनिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

सातारकर: जुन्या पेट्रोल गाडीत प्रोग्रॅम होणारा ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) बसवलाय, लॅपटॉप जोडता येतो, पण यवतेश्वरचा घाट चढताना फुल थ्रॉटलला इंजिन खडखडतंय, मॅपमध्ये नक्की कुठं हात घालू?

सांगलीवाला: आधी पाय काढ भावा, पिस्टन जाईल! मूळ मॅपची कॉपी ठेव आणि एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसव, साधा नॅरोबँड एक भाग पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ च्या आसपासच नीट सांगतो, फुल लोडला १२.५ ते १३ लागतं ते त्याला कळतच नाही.

मिरजेचा: मिक्स्चर बरोबर येऊनही खडखडलं तर इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) दोन डिग्री मागं घे. आणि चालवताना स्क्रीन बघू नको रे, लॉग (लॅपटॉपमधली नोंद) घरी येऊन वाच, मॅपच्या ज्या खान्यांत इंजिन फिरलं तेवढेच बदल.

सातारकर: वाइडबँड मागवतो दादा, तोवर घाट बंद.