मार्चअखेरच्या हिमवादळात विजा कडाडतील का?

प्रश्न
न्यू जर्सीच्या उत्तर भागात दोन दिवसांत नॉरईस्टर (अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचं मोठं वादळ) धडकतोय. अंदाज 20 ते 25 सेंमी बर्फाचा, जमिनीलगत तापमान 0 ते 1 अंश, आणि सोबत 'गडगडाटाची शक्यता' असंही म्हटलंय. इतक्या थंडीत वीज तयार होते कशी? आणि शक्यता कितपत आहे, हे आदल्या दिवशी कशावरून ओळखायचं?

हिमकण
जमिनीवरचं तापमान इथे दुय्यम आहे. खेळ चालतो वर, उणे 10 ते उणे 20 अंशांच्या थरात. तिथे गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेले थेंब, साबुदाण्यासारख्या मऊ गारा आणि बर्फाचे स्फटिक एकत्र असावे लागतात. गारा आणि स्फटिक एकमेकांवर आपटले की विद्युतभार वेगळे होतात. साध्या हिमवृष्टीत हवा संथपणे वर चढते, थेंब उरत नाहीत, गारा बनत नाहीत, म्हणून वीज नाही.

उशिराच्या वादळात समुद्रावरून येणारी हवा जास्त दमट असते आणि वरचा थर अजून हिवाळ्यासारखा थंड असतो, त्यामुळे हवा वर झेपावते. 1997 मध्ये 31 मार्च-1 एप्रिलच्या वादळात बोस्टनच्या लोगन विमानतळावर सुमारे 64.5 सेंमी बर्फ पडला, तेव्हा विजाही झाल्या. तुमच्या न्यू जर्सीत 7 मार्च 2018 ला तेच झालं.

स्क्यूटी_वाचक
पडताळणी साउंडिंगवर (उंचीनुसार हवेचं तापमान आणि ओलावा दाखवणारा आलेख) करा, पण जमिनीपासूनची 'केप' (हवेला वर झेपावायला मिळणारी ऊर्जा) बघू नका. ती शून्यच येणार आणि तुम्ही फसाल. जमिनीलगतच्या थंड हवेच्या थरावरून जी दमट हवा सरकते, तिची 'मोस्ट अनस्टेबल केप', म्हणजे सर्वांत अस्थिर थरापासून मोजलेली केप, बघा. हिवाळी वादळात 50 ते 100 जूल प्रति किलो एवढीही पुरेशी बोलकी असते. 700 ते 500 मिलिबारमध्ये (साधारण 3 ते 5.5 किमी उंचीवर) दर किलोमीटरला तापमान 6.5 ते 7 अंशांनी उतरत असेल आणि हवेचा सर्वाधिक उठाव वर सांगितलेल्या थरातच असेल, तर मी शक्यता गांभीर्याने घेईन. उठाव त्याखाली असेल तर विजेची शक्यता कमी.

तासातासाचे नकाशे पाहा. विजेला अनुकूल वेळ बहुधा एक-दोन तासांचीच असते, कोरडी हवा वरून घुसते तिच्या कडेला. शिवाय 'शक्यता' हा शब्द मोठ्या पट्ट्यासाठी असतो. नेमकी तुमच्या गावावर वीज होण्याची शक्यता कमीच राहते.

रडारवर 40 डीबीझेडपेक्षा (रडारकडे परतणाऱ्या लहरींच्या तीव्रतेचं माप) जास्त दिसलं म्हणून हुरळू नका. तुमच्याकडे 0-1 अंश आहे, म्हणजे अर्धवट वितळलेले कण रडारला उगाच जड दिसतात. कोरिलेशन कोइफिशंट (रडारला दिसणारे कण किती एकसारखे आहेत, त्याचा आकडा) 0.95 च्या खाली घसरला असेल तर तो वितळणारा थर समजा.

हिमकण
एक भर. हिरवट-निळा लखलखाट क्षितिजालगत झाला, घरातले दिवे लुकलुकले आणि आवाज आला नाही, तर ती बहुधा वीजवाहिनी असते. ओल्या बर्फाने फांद्या तारांवर पडतात.

प्रश्नकर्ता
म्हणजे गडगडाट ऐकू आल्यावर आत यायचं, एवढं पुरेल?

स्क्यूटी_वाचक
ऐकू आलाच तर ताबडतोब, पण त्याची वाट पाहत बसू नका. पडता बर्फ आवाज शोषून घेतो, त्यामुळे एरवी 15 किमीवरून ऐकू येणारा गडगडाट इथे जेमतेम 3 ते 5 किमीपर्यंत पोचतो. ऐकू आला म्हणजे वीज जवळच पडली. म्हणून मोबाइलवर विजेचा थेट नकाशा उघडा ठेवा. शेवटच्या आवाजानंतर 30 मिनिटं फावडं हातात घेऊ नका, छत्रीही नको. 2018 च्या त्या वादळात न्यू जर्सीतच छत्री घेऊन उभ्या असलेल्या एका शिक्षिकेला विजेचा धक्का बसला होता.

आणि गाडी रस्त्यावर असेल तर आधीच हलवून ठेवा. मिसूरी विद्यापीठातल्या अभ्यासानुसार हिमवादळात वीज दिसली, तर तिच्यापासून सुमारे 110 किमीच्या आत कुठेतरी किमान 15 सेंमी बर्फ पडण्याची शक्यता 86 टक्के असते.