चार्जिंग स्टेशन पेट्रोल पंपावरच? मला अजिबात पटलेलं नाही

उभी_गाडी :
"जागा निवडायला कसला अभ्यास? पंप आहेत तिथेच चार्जर बसवा, विषय संपला", असं काल एकाने लिहिलं आणि त्याला धडाधड अनुमोदनं मिळाली. ते वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

पंपावर माणूस पाच मिनिटं थांबतो. इलेक्ट्रिक गाडीची (ईव्हीची) 40 युनिटची बॅटरी 20 टक्क्यांवरून 80 वर न्यायला 24 युनिट लागतात. 7.4 किलोवॉटच्या एसी, म्हणजे हळू भरणाऱ्या चार्जरवर त्याला सव्वातीन तास जातात, 50 किलोवॉटच्या डीसीवरही, म्हणजे जलद चार्जरवरही, अर्धा तास कुठे गेला नाही. ऐंशीच्या पुढे तर बॅटरीच हात आखडता घेते. म्हणून गाड्या कुठून जातात यापेक्षा त्या कुठे आणि किती वेळ उभ्या राहतात, हे आधी बघायला हवं. ज्याचं स्वतःचं पार्किंग आहे तो घरीच चार्ज करतो. सार्वजनिक चार्जर लागतो तो रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्या भाडेकरूला. आपण मात्र आजच्या ईव्ही मालकांचे पत्ते नकाशावर टाकून जागा ठरवतो. म्हणजे सोय आहे तिथेच आणखी सोय!

रात्रपाळी :
मी टॅक्सी चालवतो. तुमचे सव्वातीन तास म्हणजे माझी भाड्याची वेळ गेली. गाडी उभी राहिली की कमाई थांबते, हप्ता थांबत नाही. मला वाट वाकडी न करता, मोठ्या रस्त्याला लागून जलद चार्जर हवा. पंपाला आत-बाहेर जायची वाट असते, रात्री उजेड असतो, माणूस असतो. ऑफिसच्या पार्किंगमधल्या चार्जरपाशी रात्री फाटकच बंद असतं, आणि नकाशावर तो 'उपलब्ध' दिसतो.

आलेखकागद :
दोघंही आपापल्या गाडीपुरतं बोलताय. सुविधांच्या जागा गणिताने ठरवणाऱ्या हकीमी या अभ्यासकाने 1964 मध्ये मांडलेला विचार असा, की लोकांपासून सुविधेपर्यंतचं एकूण अंतर कमीत कमी ठेवा. त्याच विषयातल्या हॉजसनने 1990 मध्ये म्हटलं, मागणी नेहमी घरात बसलेली नसते, ती रस्त्याने जात असते. थोड्या जागांत जास्तीत जास्त प्रवास टिपा. भाडेकरूला पहिला हिशोब लागू, टॅक्सीला दुसरा. जागांना गुण देणाऱ्या एकाच तक्त्यात (गुणतक्त्यात) दोन्ही कोंबले की मधलीच कुठली तरी जागा पहिली येते आणि ती कुणाच्याच कामाची नसते.

तीनफेज :
गुणतक्ते नंतर. जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर लोड किती शिल्लक आहे ते आधी विचारा. 60 किलोवॉटचे सहा चार्जर म्हणजे 360 किलोवॉट. 630 केव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर संध्याकाळी निम्म्याहून जास्त भरलेला असेल, तर नवा बसवा, एचटी (उच्च दाबाची) केबल ओढा, रस्ता खोदा. स्टेशन चौकापलीकडे सरकवलं तर कधीकधी ही सगळी खोदाई वाचते.

चाकाची_वाट :
सगळं मोजलंत, फुटपाथ कुणी मोजला? माझा भाऊ व्हीलचेअर वापरतो. आमच्या रस्त्यावर फुटपाथच्या ऐन मध्यावर चार्जर बसवलाय. कॅबिनेट, त्याच्या रक्षणाला दोन लोखंडी खांब, आणि भिंतीपर्यंत उरलेल्या फटीत खुर्चीचं चाक अडकतं. गाडी लागली की केबल आडवी. त्याला वाहत्या रस्त्यावर उतरावं लागतं. गाडीवाल्यांची सोय चालणाऱ्यांच्या जागेतून का काढायची?

रात्रपाळी :
फुटपाथवर दुचाक्या लागतात, दुकानांच्या पायऱ्या येतात. ते चालतं, चार्जर तेवढा दिसला?

चाकाची_वाट :
नाही चालत! तेही चालत नाही! दुचाकी ढकलून बाजूला करता येते, काँक्रीटमध्ये रोवलेलं कॅबिनेट कसं ढकलू? भावाला मागून हॉर्न वाजवणाऱ्यांत टॅक्सीवालेही असतात, तेवढं लक्षात ठेवा.

आलेखकागद :
लंडनमध्ये दिव्याच्या खांबांतच चार्जर बसवलेत, रात्रभर गाडी हळूहळू भरते. वेगळं कॅबिनेट नको.

चाकाची_वाट :
खांब रस्त्याच्या कडेला असेल तर ठीक. भिंतीला लागून असेल तर केबल पुन्हा आख्ख्या फुटपाथवरूनच जाणार.

उभी_गाडी :
हे बरोबर आहे. चालायची रुंदी उरत नसेल तर ती जागा पहिल्याच चाळणीत बाद व्हायला हवी, बाकी कितीही गुण मिळोत. चार्जर पार्किंगच्या पट्टीतच बसवायचा, दोन गाड्यांच्या मधे छोटा ओटा बांधून.

तीनफेज :
ओट्याला पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं तेही बघा. तुंबणाऱ्या रस्त्यावर मी चार्जर बसवू देणार नाही.

रात्रपाळी :
बरं, फुटपाथ सोडा, मान्य. घरोघरच्या गाड्यांना रात्रभराचे एसी चार्जर द्या, त्यालाही माझी ना नाही. पण पट्टीतले जलद चार्जर असतील तिथे बॅटरी भरल्यावरही गाडी हलवत नाहीत त्यांचं काय? मी मागे ताटकळत असतो, मालक फोन उचलत नाही.

उभी_गाडी :
भरल्यावर थोडी सवलत, मग मिनिटाला दंड. त्याशिवाय तिथे जलद चार्जर बसवूच नये. पंपांवरही काही बसवा, तुमच्यासाठी. 'पंपांवरच' याला माझा विरोध आहे आणि राहील.