शिलावर्तुळ, शिळावर्तुळ की महापाषाण?

प्रश्न : नागपूरजवळच्या जुनापाणीवर लिहितेय. दगडांच्या त्या गोल रचनांना शिलावर्तुळ, शिळावर्तुळ, पाषाणवर्तुळ असं काहीही लिहिलेलं सापडतं. त्यात 'महापाषाणयुग' वाचलं. म्हणजे ही अश्मयुगातली का?

– अजिबात नाही. घोळ त्या 'युग'ने घातलाय. विदर्भातली वर्तुळं लोहयुगातली, ढोबळमानाने इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. माहुरझरीच्या उत्खननात लोखंडी कुऱ्हाडी आणि घोड्याला घालायचे तांब्याचे दागिने मिळाले, नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच निघाली. 'महा' हे दगडाच्या आकाराचं विशेषण आहे, काळाचं नाही. 'बृहत्पाषाण संस्कृती' लिहा, गैरसमज होत नाही.

– शिळावर्तुळ चुकीचं नाही, पण मला शिळी भाकरी आठवते. शिलावर्तुळच बरं.

– एक भर घालतो. नुसतं 'वर्तुळ' म्हटलं की वाचकाला फक्त कडा दिसते. जुनापाणीला कडेने मोठे धोंडे, आत लहान दगड-मातीचा भराव आणि त्याखाली दफन. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत; ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने १८७९ साली त्यांच्याबद्दल लिहिलंय. तेव्हा पहिल्या उल्लेखात 'शिलावर्तुळी दफन' म्हणा, पुढे शिलावर्तुळ चालेल.

प्रश्न : आणि रांगेतले दगड? 'शिलास्तंभ' चालेल?

– उभे असतील तर. तेलंगणातल्या मुडुमलला चालेल, तिथे माणसापेक्षा उंच दगड उभे आहेत. कर्नाटकात शहापूरजवळच्या विभूतिहळ्ळीला मात्र धोंडे नुसते ओळींत मांडलेत, त्यांना स्तंभ कसं म्हणणार? तिथे 'शिलापंक्ती'. वीरगळ तर दोन्हींना नको. वीरगळ कोरीव असतो, लढून पडलेल्या वीराचा, आणि बराच नंतरचा.

– 'संरक्षित स्मारक' लिहिताना सरकारी शब्दांची सरमिसळ टाळा. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, त्यानुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर 'प्रतिबंधित' आणि त्यापुढचे २०० मीटर 'विनियमित'. विनियमित म्हणजे बंदी नव्हे, परवानगी घेऊन बांधकाम. बातम्यांत दोन्हींना सर्रास 'निषिद्ध' म्हणतात आणि गावात उगाच घबराट होते. जुनापाणीत तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत, त्यामुळे मीटर नेमके कुठून मोजायचे हे कळायला 'हद्द' हा शब्द गाळू नका.