मदत हवी आहे: मामाच्या जुन्या रेसर सायकलची फिक्सी करायचीय, बजेट ५ हजार

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मामाने घर बदललं तेव्हा जिन्याखाली पडलेली त्याची कॉलेजच्या वेळची रेसर माझ्याकडे आली. खाली वळलेलं हॅण्डल, पुढे २ मागे ५ असे १० गिअर, फ्रेम लोखंडी पण गंज वरवरचाच आहे. बघणारा प्रत्येक जण हीरोची हॉक आहे का विचारतो पण स्टिकर कधीच उडालेत आणि मामालाही आठवत नाही. गिअरचं मात्र पार भजं झालंय, मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) वाकलाय, एक शिफ्टर तुटलाय, म्हणून म्हटलं दुरुस्त करत बसण्यापेक्षा सगळं काढून फिक्सी करावी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लहान पोरांच्या तीनचाकीसारखं, चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार, मध्येच पाय थांबवता येत नाही.

आता अडचण. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले कशाला खर्च करतोस, सिंगल फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी मागची दातांची चकती) लाव, त्याला वेल्डिंग मारून जाम करून देतो, ३०० रुपयात काम. दुसरीकडे नेटवर सगळे ट्रॅक हबचं चाक (मधला भाग खास फिक्सीसाठी बनवलेला) घ्या म्हणतात, त्यात माझं अर्ध्याच्या वर बजेट जातं आणि टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर अजून बाकीच आहेत. कोथरूड ते डेक्कन रोजचं जाणं-येणं, रविवारी चांदणी चौकाचा चढ. वेल्डिंगवालं चालेल का? आणि पुढचे दात ५२ आणि ४२ आहेत, कुठली चकती ठेवू?

प्रतिसाद १

वेल्डिंग अजिबात नको. काकांचं काम चांगलं असेल यात वाद नाही, पण प्रश्न वेल्डिंगच्या मजबुतीचा नाहीच, आट्यांचा आहे. फ्रीव्हील हबवर सरळ आट्यांनी बसतं, पॅडल पुढे मारलं की घट्ट होत जातं. फिक्सीत तू वेग कमी करायला पाय मागे दाबणार, म्हणजे तेच आटे उलटे सुटणार, आणि हे होणार नेमकं तुला थांबायचं असेल तेव्हा. ट्रॅक हबला म्हणूनच दोन पायऱ्या असतात, आतली कॉगसाठी (फिक्सीची मागची दातांची चकती) सरळ आट्यांची आणि बाहेरची लॉकरिंगसाठी (कॉगला जागेवर धरणारी रिंग) उलट्या आट्यांची. कॉग सुटायला गेला की लॉकरिंग अजून आवळते. काही जण साध्या हबवर कॉग चढवून वर बॉटम ब्रॅकेटची (पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या भागाची) रिंग लावतात, पण तिचेही आटे सरळच, त्यामुळे दोन्ही मिळून सुटू शकतात. पैसे वाचवायचे तर बाकी कुठेही वाचव, इथे नको.

खरेदीच्या आधी दोन गोष्टी बघ. मागचं चाक ज्या खाचेत बसतं ती आडवी आहे की उभी? आडवी हवी, कारण चेन ताणायला चाक मागे ओढता यावं लागतं, आणि चेन टेन्शनर फिक्सीला लावता येत नाही, पाय मागे दाबला की उखडून निघेल. दुसरं, चाक काढून फ्रेमची आतली रुंदी मोज. १२० मिमी असेल तर ट्रॅक हब सरळ बसेल, १२६ भरली तर दोन्ही बाजूला ३-३ मिमीचे वॉशर टाक, फ्रेम वाकवत बसू नकोस.

प्रतिसाद २

चकती ४२ चीच ठेव आणि आतल्या जागेवरच ठेव, चेन बऱ्यापैकी सरळ रेषेत येते. ५२ काढल्यावर बोल्ट लांब पडतात, आखूड बोल्ट मिळाले नाहीत तर वॉशर टाकून आवळ. मागे १७ चा कॉग घे. रेशो (४२ भागिले १७) साधारण २.४७, चढाला गुडघे ओरडणार नाहीत. १४ चा घेऊ नकोस, ४२ ला १४ ने पूर्ण भाग जातो त्यामुळे स्किड मारताना (पाय रोखून मागचं चाक घसरवताना) टायर दरवेळी एकाच जागी घासतो, १७ ला १७ वेगवेगळ्या जागा मिळतात.

आणि चांदणी चौक चढायचं काय घेऊन बसलास, उतरायचा विचार कर! या रेशोला ४० चा स्पीड लागला की मिनिटाला जवळपास १३० फेरे, पाय शिलाई मशीनसारखे. पुढचा ब्रेक काढलास तर इथे येऊन शिव्या घालीन. वेलोड्रोमवर (सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर) ब्रेक नसतात कारण तिथे मध्येच पीएमपीची बस आडवी येत नाही.

प्रतिसाद ३

भावा, पहिले दोन महिने साध्या फ्रीव्हीलवर सिंगल स्पीड चालव ना. एका बाजूला कॉग, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील असं फ्लिप-फ्लॉप हबचं चाक येतं, कंटाळा आला की चाक उलटं करून लावायचं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, काकांना आटे उलटे-सरळे समजावून सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले मग सर्कशीतल्या सायकलीसारखं कर की. तर मोजलं, खाच आडवी आहे, रुंदी १२६. फ्लिप-फ्लॉपचं चाक घ्यायचं ठरवलंय, हँडलची टेप वगैरे पुढच्या पगारात. रविवारी जुन्या बाजारात पॅडलला लावायचे पट्टे आणि क्लिप मिळाल्या, जोडी १५० ला, घासाघीस करून १२०.

एकच शंका राहिली. नवीन चाक ७०० सी मापाचं आहे आणि माझी जुनी रिम २७ इंची, पुढे २७ आणि मागे ७०० चालवलं तर काही होतं का?

प्रतिसाद १

बिनधास्त चालव. ७०० ची रिम २७ पेक्षा ४ मिमी खाली बसते, म्हणून मागचे ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकव, सरकत नसतील तर लांब हाताचा ब्रेक बघावा लागेल. टायर मात्र एकमेकांना चालत नाहीत, दुकानात नीट सांग नाहीतर २७ चाच गळ्यात मारतील.

धागाकर्ता

रबर सरकतायत, आत्ताच बघितलं. आता लॉकरिंगचा पाना कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाकडे आहे का? एका दिवसासाठी हवाय, चहा-वडापाव माझ्याकडून.