रिफ्युएलिंग शटडाऊनमधली रेडिएशन सुरक्षेची तपासणी न कळवता, रात्रपाळीत व्हायला हवी. तुमचं मत?

बोईसरकर

परवा जुने शटडाऊनचे सोबती घरी जमले होते, त्यात हा विषय निघाला आणि वाद इतका वाढला की इथे मांडतोय. मी ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो, फिटर आणि हेल्पर घेऊन नऊ-दहा शटडाऊनमध्ये आत काम केलंय. अणुकेंद्राचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही.

माझं म्हणणं एवढंच की इंधन बदलायला अणुभट्टी बंद असते तेव्हाची तपासणी तारीख कळवून, दिवसाउजेडी, मीटिंग हॉलमध्ये फायली चाळून होत असेल तर ती अर्धीच झाली. भट्टी चालू असताना ड्रायवेलमध्ये, म्हणजे भट्टीभोवतीच्या बंदिस्त जागेत, कुणी जात नाही. शटडाऊन लागला की शेकडो माणसं आत, व्हॉल्व्ह उघडा, इन्सुलेशन काढा, वेल्डची तपासणी करा, परत लावा, आणि त्यातली बरीचशी ठेकेदाराची. वर्षभरात अंगावर पडणाऱ्या रेडिएशनचा, म्हणजे डोसचा, मोठा वाटा याच काही आठवड्यांत पडतो.

पथक येणार म्हटलं की बाहेर पडताना कामाचे कपडे उतरवायच्या बाकाजवळ नव्या ग्लव्ह्जचे गठ्ठे लागतात, कचऱ्याचे पिवळे ड्रम रिकामे होतात, एचपीचा (हेल्थ फिजिक्सचा, रेडिएशन मोजणारा) माणूस हातात मीटर घेऊन उभा. तोच बाक रात्री अडीचला बघा. कव्हरऑल आतली बाजू बाहेर करत उतरवायचा, बाकावर बसायचं, एक ओव्हरशू काढायचा, तो पाय खाली न टेकवता स्वच्छ बाजूला टाकायचा, मग दुसरा, आणि आतले कॉटनचे ग्लव्ह्ज सगळ्यात शेवटी. दिवसा सगळे असंच करतात. बारा तास काम करून घामाने निथळत आलेला बावीस वर्षांचा पोरगा रात्री काय करतो, तर आधी त्याच ग्लव्ह्जने कपाळ पुसतो. आमच्यातल्या एकाचं असंच झालं, हात-पायाच्या मॉनिटरवर सगळं ठीक, आणि फ्रिस्कर (अंगावरून फिरवायचा मीटर) भुवईपाशी नेला तर टकटक सुरू. तीनदा साबणाने धुतल्यावर काउंट्स खाली आले. पोरगा घाबरून रडायला आला होता.

दुसरी गोष्ट बॅजची. एक जण टीएलडी, म्हणजे डोस नोंदवणारा बॅज, लॉकरमध्ये ठेवून आत गेलेला मी स्वतः पकडलाय. कारण विचारलं तर म्हणाला, "डोस भरला की घरी पाठवतात, मग हजेरी कोण देणार?" हे कुठल्या फाइलीत दिसतं सांगा.

निवृत्त_एचपी

मी तीस वर्षं हेल्थ फिजिक्समध्ये काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बोईसरकर, तुम्ही सांगताय ते खोटं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, पण तुमचा उपाय मला पटत नाही.

पहिली गोष्ट, शटडाऊनमध्ये आत जाणारं प्रत्येक जास्तीचं माणूस म्हणजे जास्तीचा डोस. निरीक्षकालाही शरीर आहे. त्याच्यासाठी पर्मिट लागतं, ब्रीफिंग लागतं, सोबत एचपीचा माणूस द्यावा लागतो, आणि तो माणूस त्या वेळी कुठल्यातरी कामावरून काढलेला असतो. ड्रायवेलमध्ये अरुंद जागेत चार जण काम करत असताना पाचवा पाहुणा आला की काम दहा मिनिटं लांबतं, आणि ती दहा मिनिटं चौघांच्या डोसमध्ये पडतात. डोस जितका टाळता येईल तितका टाळायचा हे तत्त्व निरीक्षकालाही लागू आहे.

दुसरं, बॅज लपवला की काही कळत नाही हा गैरसमज आहे. टीएलडीबरोबर डीआरडी, म्हणजे लगेच आकडा दाखवणारा डोसमीटर, असतो, त्याचं रीडिंग दर वेळी लिहिलं जातं, आणि एकाच पर्मिटवर गेलेल्या चौघांत तिघांचं रीडिंग सारखं आणि चौथ्याचं शून्य आलं तर विचारणा होते. शिवाय डोसची नोंद राष्ट्रीय रजिस्टरमध्ये जाते, या केंद्रावरून त्या केंद्रावर गेलं म्हणून पाटी कोरी होत नाही. आपल्याकडची मर्यादाही कडक आहे, पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही.

तिसरं, "रिफ्युएलिंग" म्हटलं की सगळीकडे एकच चित्र नसतं. तारापूरची १९६९ ची पहिली दोन युनिटं उकळत्या पाण्याची, त्यांचं झाकण उघडून पाण्याखालून इंधन हलवावं लागतं. कुडनकुळमलाही भट्टी बंद करूनच इंधन बदलतात. पण तारापूर ३ आणि ४, कैगा, काक्रापार, रावतभाटा इथल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत इंधन चालू भट्टीतच फ्युएलिंग मशीनने बदललं जातं. तिथे काळजी ट्रिटियमची, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची. तो बॅजवर येत नाही, लघवीच्या नमुन्यात येतो. कैगाला नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं, ते कशामुळे सापडलं? नेहमीच्या नमुना तपासणीमुळे. अचानक धाड टाकून नव्हे.

बोईसरकर

एचपी साहेब, डीआरडीचं म्हणताय तर तो पण दोघांनी अदलाबदल केलेला बघितलाय. ज्याचा डोस कमी झालाय तो जास्त फील्डच्या (रेडिएशनच्या) जागी कागदावर, आणि प्रत्यक्षात दुसराच आत. चौघांची रीडिंग जुळली की तुमच्या तक्त्यात सगळं नीट. तुमची पद्धत चूक म्हणत नाही मी, पण ती माणूस खरं सांगेल या भरवशावर उभी आहे, आणि त्याची मजुरी खोटं सांगण्यावर अवलंबून असेल तर तो खरं का सांगेल?

राजापूरचा

मी तर म्हणतो दोघंही फांद्या छाटताय, मूळ वेगळंच आहे. जो तपासतो तो कुणाच्या हाताखाली ते बघा ना. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ ला झालं, ते अणुऊर्जा आयोगाला उत्तर देणार, आणि केंद्रं चालवणारेही त्याच खात्याचे. २०१२ च्या कॅगच्या अहवालात हेच लिहिलंय की मंडळाला स्वतंत्र कायदेशीर स्थान नाही. २०११ चं नियामक प्राधिकरणाचं विधेयक तसंच लोकसभेबरोबर बुडालं. आमच्याकडे जैतापूरच्या सुनावणीत लोकांनी हेच विचारलं होतं. रात्री या नाहीतर पहाटे या, तपासणारा आणि तपासून घेणारा एकाच घरचे असतील तर काय फरक पडतो?

निवृत्त_एचपी

कॅगचा अहवाल मी पण नीट वाचलाय, त्यातला दुसरा भाग तुम्ही सांगितला नाहीत. त्यात सगळ्यात वाईट चित्र अणुकेंद्रांचं नव्हतं, दवाखान्यांतल्या एक्स-रेचं होतं. ५७ हजार ४४३ पैकी ५२ हजार १७३ एक्स-रे यंत्रं नोंदणीशिवाय चालू होती. केंद्रांवर मंडळाचे लोक ठरल्याप्रमाणे जात होते, मोठ्या शटडाऊनमध्येही जातात. आता डिसेंबर २०२५ च्या नव्या कायद्याने मंडळाला कायदेशीर स्थानही मिळालंय.

राजापूरचा

कायद्यात नाव आलं म्हणजे माणसं आणि हिंमत आली असं होत नाही काका. त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांना पण दार उघडलंय, म्हणजे उद्या शटडाऊन एक दिवस लांबला की तोटा मोजणारे मालक येणार. आज जी घाई आहे तिच्या दुप्पट होईल.

कॅथलॅबवाली

मी अणुकेंद्र बघितलेलं नाही, पण अँजिओग्राफीच्या खोलीत अकरा वर्षं टेक्निशियन आहे आणि बोईसरकर दादांची बॅजवाली गोष्ट वाचून अंगावर काटा आला, कारण हुबेहूब हेच आमच्याकडे बघितलंय. बॅज लेड ॲप्रनच्या आत, छातीवर लावायचा असतो. कुणी तो ड्रॉवरमध्ये ठेवून केस करतो, कारण रीडिंग जास्त आलं की पत्र येतं आणि उत्तर लिहायचा ताप. उलट एकाने बॅज ॲप्रनसकट एक्स-रेच्या खोलीत टांगून ठेवला, मग त्याचं रीडिंग एवढं आलं की चौकशी लागली. दोन्ही वेळा आकडा खोटाच ना. काका, तुम्ही आकड्यांवर एवढा विश्वास ठेवता तेव्हा तो आकडा बॅजचा असतो, माणसाचा असेलच असं नाही.

शिकागोकर

इथे इलिनॉयमध्ये ११ अणुभट्ट्या आहेत, मी आउटेजचा (इथे शटडाऊनला हेच म्हणतात) कॉन्ट्रॅक्टर म्हणून तीन-चार ठिकाणी काम केलंय. निरीक्षण न कळवता होऊ शकत नाही असं नाही. इथे नियामकाचे निरीक्षक केंद्रावरच बसतात, १९७९ च्या थ्री माईल आयलंडच्या अणुअपघातानंतर ही पद्धत सगळीकडे पसरली, प्रत्येक ठिकाणी कमीत कमी दोघं, ऑफिस आतच. रात्री तीनला पण दिसतात कधीकधी. आणि नियमातच लिहिलंय की निरीक्षक आला आहे ही बातमी कर्मचाऱ्यांनी किंवा ठेकेदारांनी आतल्या लोकांना द्यायची नाही, निरीक्षकाने स्वतः सांगितलं तरच. आम्हाला ट्रेनिंगमध्येच हे शिकवतात. त्यांच्या आत जाण्यावर केंद्र अडथळा आणू शकत नाही, फक्त डोसमीटर, ट्रेनिंग वगैरे आमच्यासारखंच त्यांनाही लागू.

पण एक गोष्ट काकांच्या बाजूने. इथली वार्षिक मर्यादा ५० मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे भारतापेक्षा सैल. आणि इथेही आउटेजमागून आउटेज फिरणारी कॉन्ट्रॅक्टची माणसं असतात, डोस भरला की त्यांचाही हंगाम संपतो.

निवृत्त_एचपी

शिकागोकर, केंद्रावर राहणारा निरीक्षक आणि अचानक येणारं पथक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. राहणाऱ्याला कुठे फील्ड किती, कुठली गल्ली टाळायची हे पाठ असतं, म्हणून तो फुकट डोस खात नाही. आपल्याकडेही मंडळाचे साइट ऑब्झर्व्हर बसायला लागलेत. तशी माणसं वाढवा म्हणत असाल तर माझा दोन्ही हातांनी पाठिंबा. माझा विरोध मुंबईहून गाडीतून उतरून थेट ड्रायवेलमध्ये शिरण्याला आहे.

आणि एक खरी घटना सांगतो, कारण इथे सगळे बाकाभोवतीच फिरताय. स्वित्झर्लंडचं लाइबश्टाट केंद्र, ऑगस्ट २०१०, इंधन बदलायचा शटडाऊन. एक पाणबुड्या केंद्रातल्या पाण्याच्या तलावात कामाला उतरला. तळाशी नळीचा एक तुकडा दिसला, तो त्याने हाताने उचलून टोपलीत टाकला. टोपली वर घेताना अलार्म वाजले तेव्हा कळलं की तो भट्टीच्या आतल्या मोजमाप यंत्रणेचा तुकडा होता. हाताचा डोस ५०० मिलिसिव्हर्टच्या वार्षिक मर्यादेच्या वर गेला. आता मला सांगा, पर्मिट होतं, माणूस शिकलेला होता, बॅजही होते. त्या वेळी तिथे कुणी निरीक्षक उभा असता तर त्याने काय केलं असतं? तो तुकडा तिथे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. असं काही पकडतो तो हातात मीटर धरून पाण्यातून येणारी प्रत्येक वस्तू मोजणारा एचपीचा पोरगा. त्याला झोप मिळाली का, त्याच्या दिमतीला किती जण, हे विचारा आधी.

बोईसरकर

हे वाचून मी खरंच थांबलो. कारण तुम्ही माझीच बाजू मांडलीत साहेब. तो मीटर धरणारा पोरगा किती तास जागा आहे हे दिवसा अकरा वाजता हॉलमध्ये कसं कळणार? हजेरीत आठ तास लिहिलेत. आमच्याकडे एका शटडाऊनमध्ये पूलच्या, म्हणजे इंधनाच्या तलावाच्या, कठड्याला नायलॉनच्या दोरीने अवजारं बांधलेली असायची, दोरी वर ओढायची तर आधी पाण्याखालीच धुवून मोजायची असा नियम. पहिल्या आठवड्यात प्रत्येक दोरीला मीटर लागायचा. तिसऱ्या आठवड्यात शेड्यूल मागे पडलं होतं, वरून दर तासाला फोन, आणि मीटरवाला एक, ओढणारे तीन ठिकाणी. दोरी आधी वर यायची आणि मीटर मागून पळत. काही झालं नाही हे नशीब. पण सर्व्हेच्या कागदावर वेळ बरोब्बर लिहिलेली, मीटर आधी, दोरी नंतर.

ड्रायवेलमध्ये घुसू नका, मान्य. तुमचा दहा मिनिटांचा हिशोब बरोबर आहे, तो मी आधी धरला नव्हता. पण पूलचा मजला लांबून दिसतो, बाकाची जागा स्वच्छ बाजूने दिसते, तिथे उभं राहायला डोस लागत नाही म्हटलं तरी चालेल.

कॅथलॅबवाली

दादा मुद्द्याचं बोललात. आणि माझ्या मते मजुरीचा प्रश्न सोडवल्याशिवाय बॅजचा सुटणार नाही. डोस भरला म्हणून बाहेर काढलेल्याला शटडाऊन संपेपर्यंत बाहेरचं काम आणि तेवढीच हजेरी द्या, ठेकेदाराच्या करारातच लिहा. मग लॉकरमध्ये कोण कशाला ठेवेल?

राजापूरचा

ताईंशी सहमत. माझं मूळ म्हणणं सोडत नाही, पण हे उद्या सकाळी करता येण्यासारखं आहे. तपासणीत ठेकेदाराचा पगाराचा कागद मागवता येतो का, एचपी काका?

निवृत्त_एचपी

आमच्या काळात मागवल्याचं मला आठवत नाही. डोसचे तक्ते मागायचे, पगाराचे नाही. मागायला हवे होते असं आज वाटतं. आमच्याकडे एकजण तीन शटडाऊन लागोपाठ मर्यादेच्या जरा अलीकडेच थांबायचा, प्रत्येक वेळी. मी त्याला शिस्तीचा माणूस म्हणून शाबासकी दिली होती. बोईसरकरांची गोष्ट वाचल्यापासून तो चेहरा डोळ्यासमोर येतोय.

बोईसरकर, एक विचारतो. तुम्हाला निरीक्षक केलं आणि रात्रीचा फक्त एक तास दिला, ड्रायवेलमध्ये जायचं नाही, तर नेमकं काय बघाल?

बोईसरकर

बॅजचा रॅक. पाळी बदलल्यावर अर्ध्या तासाने जाऊन उभा राहीन. आत किती माणसं आहेत ते पर्मिटवरून मोजायचं, रॅकमध्ये किती बॅज टांगलेले आहेत ते मोजायचं, मग लॉकरच्या खोलीत एक चक्कर. दहा मिनिटांचं काम. मग बाकाजवळ स्वच्छ बाजूला बसून वीस माणसं बाहेर पडताना बघेन, कुणाला काही बोलणार नाही, फक्त ग्लव्ह कुठल्या क्रमाने निघतो ते लिहीन. उरलेल्या वेळात पूलच्या मजल्यावर मीटरवाल्याला विचारेन, शेवटचा जेवलास कधी.

निवृत्त_एचपी

रॅकचं मान्य. लॉकरचं पण मान्य. मात्र बाकाजवळ बसायलाही पर्मिट घ्यायचं आणि स्वतःचा बॅज लावायचा, रात्री दोनला आलात तरी.

बोईसरकर

लावणार साहेब. ॲप्रनच्या आत, छातीवर, ताईंनी सांगितलं तसा.