स्थळाच्या चौकशीत खरे सांगितले, तर ती निंदा ठरते का?

प्रश्न:
वसईतील आमच्या धर्मग्रामात शेजारच्या मुलाचे लग्न ठरत होते. मुलीच्या मावशीने मला मुलगा कसा आहे असे सरळ विचारले, तेव्हा तो दारू पितो आणि त्यापायी त्याची एक नोकरी गेली, हे मी सांगितले. पुढे रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधील उपासनेनंतर) गायनमंडळातील दोन मैत्रिणींशी बोलतानाही तोच विषय निघाला. आता स्थळ मोडले आहे आणि मुलाच्या आईने माझ्याशी बोलणे टाकले आहे. मी खोटे काहीच सांगितले नव्हते. तरीही ‘खोटी साक्ष देऊ नको’ या आठव्या आज्ञेचा भंग झाला का?

प्रतिसाद १:
खोटे नव्हते, एवढ्याने सुटका होत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४७७ व्या परिच्छेदात तीन निरनिराळे दोष सांगितले आहेत: पुरेशा आधाराविना दुसऱ्याचा दोष खरा मानणे, रास्त कारण नसताना त्याचे खरे दोष ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यापुढे उघड करणे, आणि असत्य बोलून त्याचे नाव खराब करणे. (मराठीत आपण तिन्हींना सरसकट ‘निंदा’ म्हणतो, गोंधळ तिथेच होतो.) मावशीपुढे रास्त कारण होते, कारण एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता, आवश्यक हितासाठी आणि योग्य ते भान राखून दुसऱ्याचा दोष सांगितला, तर ते पाप नव्हे, असे मध्ययुगीन धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनीही म्हटले आहे. मैत्रिणींना मात्र ते कळण्याची काय गरज होती? तुमच्या प्रश्नात हे वाक्य ओझरते आले आहे. माझ्या मते अडचण त्याच वाक्यात आहे.

प्रतिसाद २:
चर्चच्या कायद्यातील १०६९ वे कलम विवाहातील अडथळा (म्हणजे ज्यामुळे लग्न वैध ठरत नाही अशी बाब) ठाऊक असलेल्या प्रत्येक श्रद्धावंताने तो लग्नाआधी धर्मगुरूंना कळवावा असे सांगते. दारू पिणे हा त्या अर्थाने अडथळा नव्हे, परंतु गप्प बसणे हा नेहमीच सद्गुण नसतो, एवढे त्यावरून दिसते. एक विचारतो: तो पितो, की पीत होता?

प्रश्नकर्ती:
वर्षभरापूर्वी त्याने सोडली, असे आता कळले. नोकरीची गोष्ट त्याआधीची.

प्रतिसाद ३:
मग मावशीला सांगितलेलेही पूर्ण खरे नव्हते, आणि चौकशी न करता ‘पितो’ म्हटल्याने पहिला दोषही लागू होतो. त्याच धर्मशिक्षण ग्रंथाच्या परिच्छेद २४८७ प्रमाणे दुसऱ्याच्या नावलौकिकाची हानी केली असेल, तर ती भरून देणे हे न्यायाचे कर्तव्य आहे आणि क्षमा मिळाल्यानंतरही ते उरते. म्हणजे पापनिवेदन करून आलात, तरी मावशीकडे जाणे चुकत नाही. ‘मी खोटे बोलले’ असे म्हणू नका, कारण नोकरी गेली हे खरेच आहे. दारू सुटल्याचे तेवढे सांगा. मैत्रिणींनाही तेच सांगा, आणि त्यांनी आणखी कोणाला सांगितले आहे का, हेही विचारा. मुलाच्या आईकडे मात्र सर्वांत शेवटी जा.